परत कसलं करताय, घरीच बिघडवा की

तर तुम्ही बत्तीसशे रुपयांचं शाईचं पेन ऑनलाइन मागवलंत, अभिनंदन. बॉक्स उघडला, आत मखमल, मखमलीत पेन, लगेच फोटो, फोटोत मागे मुद्दाम ठेवलेला चहाचा कप, तो फोटो फॅमिली ग्रुपवर, आणि शाई भरायच्या आधीच साइटवर पाच स्टार देऊन 'लोण्यासारखं चालतं' असं लिहूनपण झालं. मग संध्याकाळी निवांत बसून शाई भरली, कागदाच्या डोक्यावर श्री काढायला गेलात तर वेलांटी तेवढी उमटली, बाकी अक्षर नुसतं ओरखडा काढून गेलं.

आता परत पाठवायचं की दुरुस्त करायचं? हा काय प्रश्न झाला का. परत पाठवतात ती माणसं ज्यांना काही येत नाही. तुम्ही कंपासपेटीत अर्धं ब्लेड ठेवून शाळा काढलेली पिढी, पुढच्या बाकावरच्याच्या पांढऱ्या शर्टावर पेन झटकून ते चालू करणारी, डाग पडला की खडू फिरवणारी. तुम्ही एक निब नीट करू शकत नाही म्हणजे काय.

फक्त एक काळजी घ्या, चुकूनही पेन आधी धुवू नका. नव्या पेनात कधीकधी कारखान्यातल्या मशीनचं तेल राहिलेलं असतं, आणि तेलावरून शाई नीट वाहत नाही, म्हणून कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा, कन्व्हर्टरने, म्हणजे पेनातल्या शाई ओढायच्या नळीने, ते चार-सहा वेळा आतबाहेर करायचं, मग साध्या पाण्याने धुवून रात्रभर वाळू द्यायचं, की बरीच पेनं गुपचूप चालायला लागतात. मग तुम्ही सांगणार काय लोकांना? पेन धुतलं? तसंच दुसरा कागद घेऊन बघणं, वेगळी साधी शाई भरून बघणं, निब हातात तिरकी तर धरली जात नाही ना हे बघणं, ही सगळी भित्र्या माणसांची लक्षणं.

सरळ ब्लेड काढा. निबच्या मधोमध जी फट आहे ना, ती केसाएवढी बारीक असते आणि शाई त्या बारीकपणामुळेच टोकापर्यंत ओढली जाते. निबखालची ती काळी जीभ, तिला आता फीड म्हणायचं, तिच्यातल्या खाचांमधून शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनने 1884 मध्ये अशाच फीडचं पेटंट घेतलं होतं. त्याने एवढा विचार केला म्हणून काय झालं, तुमच्याकडे ब्लेड आहे. फटीत घालून दोनदा वरखाली केलं की फट मोकळी होते. एवढी मोकळी की आता पेन अडखळत नाही, सरळ ओकतं. प्रगतीच आहे ही.

इथे थांबायचं नाही, यूट्यूब उघडायचं. तिथे एक गोरा माणूस दहापट भिंगातून निबचं टोक दाखवत असतो, फटीच्या आतल्या कडा कारखान्यात जास्त घासल्या गेल्यात, त्यामुळे शाई टोकाशी येते पण कागदाला टेकतच नाही, त्याला तिकडे बाळाचं ढुंगण म्हणतात (खरंच म्हणतात, मी काही अश्लील लिहीत नाहीये). झालं, तुमच्या पेनालाही तेच झालंय हे भिंग नसतानाच तुम्हाला कळतं. मग भिंग मागवा, पितळेची पातळ पट्टी मागवा, ते बारीक पॉलिशचे पेपर मागवा, एकूण अठराशे रुपये, येणार पाच दिवसांनी. रिटर्नची मुदत सात दिवस आहे हे बायको आठवण करून देईल, तिच्याकडे त्या भिंगातून बघा.

सामान आलं की घासा. टोकावर तो जो चमकणारा कठीण धातूचा बारीक थेंब आहे त्यावरच सगळं लिखाण चालतं, आणि एकदा घासून गेला की घरी परत चिकटवता येत नाही, त्यामुळे जरा जोर लावूनच घासा. नंतर ग्रुपवरचे काका सांगतील, आमच्या वेळी जीभ गरम पाण्यात धरून निबला बसवायचो. बरोबर आहे त्यांचं, ती एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची असायची, उष्णतेने मऊ व्हायची. तुमची प्लास्टिकची आहे, पण आधण ठेवलंच आहे चहाला तर बुडवा. शेवटी काहीच नाही जमलं तर चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई भरा, ती आत वाळली की गळती कायमची बंद, आणि पेनसुद्धा.

हां, कोणीतरी कायदा सांगायला येईल. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, 2020 चे ई-कॉमर्सचे नियम, सदोष माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, तक्रार केली की 48 तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निकाली काढायची, नाहीतर 1915 ला फोन लावा, वगैरे. ऐकून घ्या आणि सोडून द्या. हे सगळं सदोष पेनासाठी आहे, आणि तुमच्याकडे आता सदोष पेन कुठे राहिलंय, तुमच्याकडे तुम्ही केलेलं पेन आहे. पहिल्याच संध्याकाळी, निबला हात न लावता, न उमटणाऱ्या श्रीचा व्हिडिओ काढून पाठवला असता तर गोष्ट वेगळी होती, पण मग हे भिंग घरात आलं असतं का?

एवढं करूनही रिफंड हवाच असेल तर आठव्या दिवशी कस्टमर केअरला फोन करा, आणि आवाज चढवून सांगा, की पेन पहिल्या दिवसापासून एक अक्षर लिहीत नव्हतं. पलीकडची मुलगी शांतपणे कीबोर्ड वाजवेल, आणि म्हणेल, "सर, पण तुमचा रिव्ह्यू आहे इथे. लोण्यासारखं चालतं."