रेंजची बेरीज

मोबाइलची रेंज उण्यात मोजतात. उणे ८० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) म्हणजे चैन, उणे ११० म्हणजे खिडकीत लटकून "हॅलो, हॅलो". आकडा फुगला की रेंज आटली, हे आईला पटवता पटवता माझाच आवाज उणे झाला. "एकशे दहा झालेत की! अजून किती हाव?"

रेंज वाढवणारा, रीतसर परवानगीचा बूस्टर बसवला. (कित्येक देशांत तो विनापरवाना लावणं गुन्हा आहे. बिघडलेला एक बूस्टर अख्ख्या टॉवरच्या डोक्याला ताप होऊ शकतो.) गच्चीवर अँटेना, खाली घरात दुसरा, मधे केबल. मी वर अँटेना फिरवणार, आई खाली आकडा वाचणार. आता रेंज आली का, हे विचारायला फोन करता येत नाही, कारण रेंज नाही. म्हणून ओरडायचं. उपग्रहांच्या जमान्यातला आमचा दूरसंचार सगळा जिन्यातून चालला होता.

एवढ्यात बाबा म्हणाले, "एकाने भागत नाही तर गच्चीवर दोन लाव. दुप्पट येईल."

बाबा हिशेबाचे पक्के, पण रेडिओलहरींना पाढे येत नाहीत. दोन अँटेना दोन वेगळ्या टॉवरांकडे तोंड करून दोघांचे सिग्नल एकत्र करणाऱ्या एका कंबाइनरमध्ये जोडले, तर प्रत्येकाचे ३ डेसिबल तिथेच गळतात, म्हणजे निम्मी शक्ती. वर कंबाइनरची स्वतःची किरकोळ दलाली वेगळी. दोन्ही एकाच टॉवरकडे वळवले तर फार फार तर ३ डेसिबल वाढतात, पण त्यासाठी दोन्ही केबल तंतोतंत सारख्या हव्यात. १८०० मेगाहर्ट्झची लहर हवेत जेमतेम १७ सेंटीमीटरची, केबलमध्ये त्याहून आखूड. एक केबल सहा-सात सेंटीमीटर लांब झाली की एका लहरीचा माथा दुसरीच्या खड्ड्यात पडतो आणि दोघी एकमेकींना संपवतात. हे सगळं मी सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि दुसरा अँटेना आणला.

जोडला. रेंज घसरली. आई खालून आनंदाने ओरडली, "वाढला!"

तेवढ्यात बूस्टरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. नवा अँटेना नेमका घरातल्या अँटेनाच्या डोक्यावर आला होता, त्यामुळे बूस्टर स्वतःचंच बोलणं ऐकून तेच पुन्हा मोठ्याने सांगत सुटला. माइक कर्ण्यासमोर धरल्यावर जी शिट्टी बसते, तीच ही, फक्त कानाला न ऐकू येणारी. बूस्टर शहाणा, त्याने आपणहून तोंड मिटलं.

शेवटी कंबाइनर काढला, पहिला अँटेना उंच दांडीवर घरातल्यापासून लांब नेला आणि आकडा उणे ८४ वर आला. आई हिरमुसली.

दुसरा अँटेना मात्र बाबांनी उतरवू दिला नाही. कशालाही न जोडलेला तो पहिल्याच्या पुढ्यात उभा आहे. मी म्हटलं, "अहो बाबा, त्याला वायरच नाही, तो करणार काय?"

"तूच सांगितलंस ना, त्या जुन्या टीव्हीच्या यागी अँटेनाच्या इतक्या काड्यांत वायर एकीलाच असते, बाकीच्या नुसत्या उभ्या राहून मदत करतात?"

सांगितलं होतं. शिवाय ते खरंही आहे. यागी आणि उदा या जपानी संशोधकांनी १९२६ मध्येच ते दाखवलंय. मी गप्प बसून मीटर बघितला. उणे ८३.

बाबा आता तिसरा आणायचा म्हणताहेत.