वह्या ठेवल्या, बिलं फेकली

सिनेमाचा एखादा नावाजलेला संगीतकार जातो, मागे कपाटंच्या कपाटं कागद उरतात, आणि घरचे लोक आवराआवर करताना सरळ दोन ढीग करतात. एकीकडे 'महत्त्वाचं': बाइंडिंग केलेले स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं संगीत लिहिलेल्या वह्या, सन्मानपत्रं, बड्या लोकांबरोबरचे फोटो. दुसरीकडे 'किरकोळ': करार, बिलं, वकिलाची पत्रं, बायकोला लिहिलेल्या चिठ्ठ्या, आकडेमोड केलेले चिटोरे. पहिला ढीग विद्यापीठाकडे जातो, दुसरा रद्दीत. मला कुणी विचारलंच की एकच वाचवता येईल, कुठला वाचवू, तर मी बेलाशक दुसरा सांगेन.

स्कोअर सोडून बिलं? हो. आधी हे लक्षात घ्या की तो देखणा स्कोअर बऱ्याचदा त्याच्या हातचा नसतोच. हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या भरभराटीच्या काळात रीत अशी होती: संगीतकार पेन्सिलने थोड्या ओळींत कच्चा आराखडा लिहायचा, ऑर्केस्ट्रेटर तो पूर्ण वाद्यवृंदासाठी फुलवायचा आणि मग कॉपिस्ट एकेका वादकाची पानं उतरवून काढायचा. 'सायको'चं संगीत करणाऱ्या बर्नार्ड हर्मनसारखे हट्टी अपवाद होते, ते सगळं स्वतःच लिहायचे. पण बाकी अनेकांच्या बाबतीत, ज्याच्यासमोर आपण भक्तिभावाने उभे राहतो ते अक्षर ऑर्केस्ट्रेटरचं किंवा कॉपिस्टचं असतं.

खरा माणूस भेटतो तो पेन्सिलच्या पानावर. मॅक्स स्टायनरची अशी पानं युटा राज्यात प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात आहेत. १९८१ साली त्याचे कागद तिथे आले. व्हिएन्नात जन्मलेला, १९३३च्या 'किंग काँग'चं संगीत करणारा हा गृहस्थ समासात ऑर्केस्ट्रेटरशी चक्क गप्पा मारायचा. कुठे विनोद, कुठे कामाच्या रेट्याबद्दल कुरकुर, कुठे कौतुक. सुबक प्रत काढताना हे सगळं गाळलं जाणार, हे उघड आहे. समास कुणी वादकापुढे ठेवत नाही.

असं पान वाचायचं कसं तेही बघा. वर क्यूचा नंबर, उदाहरणार्थ ४ एम २. म्हणजे चौथ्या रिळातला संगीताचा दुसरा तुकडा. स्वरांच्या वर दृश्याच्या खुणा आणि वेळ: अमक्या सेकंदाला दार उघडतं, तमक्या सेकंदाला ती वळून बघते. कोपऱ्यात '१२ फ्रेमचा क्लिक' अशी नोंद. पडद्यावरून सेकंदाला २४ फ्रेम सरकतात, म्हणजे दर १२ फ्रेमला एक ठोका धरला की लय मिनिटाला १२० ठोक्यांची झाली. हा ठोका हेडफोनवर ऐकत वाजवलं की दार उघडतं त्याच क्षणी झांज पडते. नंबरांत मध्येच खंड दिसला तर समजावं की काहीतरी कापलं गेलंय, आणि मग का कापलं याचं उत्तर स्कोअरमध्ये शोधून सापडत नाही. ते सापडलं तर निर्मात्याच्या पत्रात सापडतं. 'किरकोळ'च्या ढिगात.

श्रेयाचंही तेच. 'गॉन विथ द विंड' (१९३९) म्हटलं की आपण स्टायनर म्हणतो, आणि ते बरोबरही आहे. पण मुदत इतकी आवळलेली होती की ह्यूगो फ्रीडहोफर, ॲडॉल्फ डॉइच, हाइन्झ रोमहेल्ड यांनीही काही तुकडे लिहिले. पडद्यावरच्या नावावरून हे कसं कळणार? त्यासाठी क्यू शीट लागते. कुठला तुकडा किती सेकंद वाजला आणि तो कुणाचा, याची ही यादी. अमेरिकेत थिएटरांकडून संगीतकाराला सादरीकरणाची रॉयल्टी मिळत नाही, पण टीव्हीवर सिनेमा लागला की मिळते, आणि ती वाटली जाते या यादीवरून. पैसा गुंतलेला असतो म्हणून यादी काळजीने होते. अर्थात दुसऱ्याच्या नावावर लिहिणारे तिथेही निसटतात. त्यांना पकडायला पगाराच्या पावत्या हव्यात.

आता घरगुती कागदांचं. स्टायनरची चार लग्नं झाली, पैशाची ओढाताण त्याच्या पाचवीलाच पुजलेली. म्हातारपणी त्याला सावरलं ते 'ए समर प्लेस' या सिनेमाच्या धुनेने, जी १९६० साली पर्सी फेथच्या ऑर्केस्ट्रामुळे घराघरात गेली. त्याने इतक्या सिनेमांचं संगीत का ओढलं, याचं उत्तर 'प्रतिभा' एवढंच देणारे चरित्रकार मला पटत नाहीत. घटस्फोटाचे कागद आणि कराराचे कागद शेजारी ठेवले की वेगळीच गोष्ट दिसते. कलेबद्दल शुद्ध बोलायचं असेल त्यांनी खुशाल बोलावं, घरभाडं कुणाला चुकलंय?

स्टुडिओ सांभाळतील म्हणाल, तर एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९६०चं दशक संपता संपता जागा मोकळी करण्याच्या नादात त्यांनी आपल्या म्युझिक लायब्ररीतले स्कोअर आणि वादकांच्या प्रती कचरा-भरावात घातल्या. जगातल्या सर्वोत्तम वाद्यवृंदांपैकी एकाचं काम, जमिनीत गाडलं! पुढे जॉन विल्सन या ब्रिटिश कंडक्टरने उरलेल्या संक्षिप्त प्रती समोर ठेवून, सिनेमे पुन्हापुन्हा ऐकून, कानाने एकेक वाद्य वेगळं काढत ते स्कोअर नव्याने उभे केले. २००९मध्ये लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात ते वाजले आणि लोक वेडे झाले. पण मुळात ही वेळ यायलाच नको होती. करारानुसार संगीत स्टुडिओच्या मालकीचं असतं, आणि स्टुडिओच्या लेखी जुना स्कोअर म्हणजे अडगळ. संगीतकाराने घरी नेलेली प्रतच काय ती तरते.

नाकारलेल्या संगीताला तर तेवढाच आधार. ॲलेक्स नॉर्थने '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी संगीत केलं, रेकॉर्डही झालं, आणि ते वापरलंच नाही हे त्याला सिनेमा बघताना कळलं. १९६८ची गोष्ट. जेरी गोल्डस्मिथ या दुसऱ्या संगीतकाराने ते १९९३ साली पुन्हा रेकॉर्ड केलं, तोवर नॉर्थ गेलेला होता. हर्मनचं 'टॉर्न कर्टन'चं संगीत दिग्दर्शक हिचकॉकने बाजूला सारलं, ते संगीतकार एल्मर बर्नस्टाइनने दशकभराने वाजवून घेतलं. सिनेमात जे नाहीच, ते कागदावर नसतं तर होतं असं कुणाच्या बापाला सिद्ध करता आलं असतं?

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. माणसाची पत्रं, आजारपणं, उधाऱ्या अनोळखी अभ्यासकापुढे का पसरायच्या? त्यात दुसऱ्यांचीही नावं असतात, ज्यांना कुणी विचारलेलं नसतं. मान्य. पण त्याला उपाय आहे. देणगीच्या करारात अमुक वर्षं हे खोके उघडू नयेत अशी अट घालता येते, आणि चांगली अभिलेखागारं ती पाळतात. पत्राचा कागद विद्यापीठाचा झाला तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडेच राहतो. पन्नास वर्षं कुलूप लावा, माझी हरकत नाही. जाळलेलं मात्र उघडता येत नाही.

आणि हे सगळं झालं कागदाच्या जमान्याचं. आजचा संगीतकार पेन्सिल धरतोच कुठे? त्याचा कच्चा आराखडा म्हणजे संगणकावरची सेशन फाइल, जी दहा वर्षांनी सॉफ्टवेअर बदललं, त्याला जोडलेलं प्लगइन (वाद्याचे आवाज देणारं छोटं सॉफ्टवेअर) बंद पडलं की उघडत नाही. म्हणून प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा साध्या ऑडिओ फाइलमध्ये काढून ठेवावा, नोटेशनची पीडीएफ ठेवावी. पण माझा जीव अडकलाय तो ईमेलमध्ये आणि टेम्प ट्रॅकच्या यादीत. दिग्दर्शक कच्च्या संकलनावर दुसऱ्या कुणाचं तरी तयार संगीत चिकटवतो आणि संगीतकाराला म्हणतो, 'असंच काहीतरी दे.' नंतर आपण समीक्षक मंडळी त्या बिचाऱ्यावर नकलेचा ठपका ठेवतो. नक्कल कुणी मागितली होती हे त्या यादीत आणि त्या मेलमध्ये असतं, आणि कुठलीही निर्मिती संस्था ते स्वतःहून जपणार नाही. ते संगीतकारानेच जपायला हवं, हातीपायी धड आहे तोवर, रात्री अडीचला आलेल्या 'उद्या सकाळी पाठव' या मेलसकट.