"एकच ईआर 32 चा सेट घ्या, सगळं होतं" म्हणे

रबाळे, महापे, वागळे इस्टेट, सगळीकडच्या वर्कशॉपवाल्यांच्या फोनवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. थोडक्यात असा, की व्हीएमसीला (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन) बीटी 40 चे (स्पिंडलमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरणाऱ्या दांड्यात, बसणाऱ्या टेपरचा साइज) ईआर 32 होल्डर आणि कोलेटचा (कटर आवळून धरणारी चिरा पाडलेली बाही) एक सेट घेतला की बास, हायड्रोलिक (तेलाच्या दाबाने पकडणारे), श्रिंक फिट (गरम करून कटर बसवायचे) होल्डर हा सगळा विकणाऱ्यांचा धंदा. रनआउट (फिरताना कटर केंद्रावर न राहता डोलणं) असेल तर तो स्पिंडलचाच, होल्डरचा काही संबंध नाही. कटर सरकतोय तर नट पाइप लावून आवळा. साइडलॉक (बाजूने स्क्रू आवळून कटर धरणारा होल्डर) आता कोण वापरतं. आणि पुलस्टड (होल्डरच्या मागचा बोल्ट, ज्याला धरून मशीन होल्डर आत ओढतं) कुठलाही चालतो. खाली अर्थातच "सगळ्या मालकांना पाठवा".

यात अर्धं खरं आहे म्हणूनच तो एवढा फिरतोय. एकच मशीन असेल आणि आज अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, उद्या एमएसचा (साध्या पोलादाचा) ब्लॉक असं जॉबवर्क असेल तर पहिली खरेदी ईआर 32 च करा, मी पण तेच सांगेन. 2 पासून 20 मिमीपर्यंत ड्रिल, रीमर, एंडमिल (बाजूने पण कापणारा कटर) सगळं त्यात बसतं. हायड्रोलिक नसल्यामुळे धंदा बुडाला असंही कोणाचं होत नाही. पण बाकीचे मुद्दे वाचून कोणी खरंच तसं करायला गेला तर महिन्याला कटरचं बिल बघून डोकं धरून बसेल.

रनआउटचं आधी घेऊ कारण पैसे इथेच जातात. 3 मिमीचा दोन दातांचा कार्बाइड एंडमिल घ्या, फीड दाताला 0.015 मिमी. होल्डर आणि कोलेट मिळून डायलवर (मोजायच्या घड्याळावर) 0.02 मिमी रनआउट दाखवतायत. म्हणजे एक दात दुसऱ्यापेक्षा 0.02 बाहेर, चिपच्या जाडीपेक्षा जास्त, मग काय होणार, एकच दात दोघांचं काम करणार आणि दुसरा नुसता फिरणार. कटर लवकर तुटला की आपण कटरच्या कंपनीला शिव्या घालतो. 20 मिमीच्या कटरला हेच 0.02 फारसं जाणवत नाही, म्हणून मोठं काम करणाऱ्याला मेसेज पटतो आणि बारीक काम करणाऱ्याला नाही.

आता दोष स्पिंडलचा की होल्डरचा, हे भांडण करायचंच कशाला, मोजा की. कटरऐवजी ग्राउंड डॉवेल पिन (अचूक घासलेली सरळ पिन) पकडा, लिव्हर डायल लावा, स्पिंडल हाताने फिरवा, हाय स्पॉटला (जिथे काटा सगळ्यात पुढे जातो) मार्करने खूण करा. होल्डर काढून 180 अंश फिरवून परत लावा. हाय स्पॉट स्पिंडलच्या त्याच बाजूला राहिला तर स्पिंडल किंवा त्याचा टेपर बघा, होल्डरबरोबर फिरला तर होल्डर नाहीतर कोलेट. मग कोलेट तेवढी होल्डरमध्ये फिरवून बघा, खूण तिच्याबरोबर गेली तर तीच खराब. पाच मिनिटांचं काम आहे. फक्त त्याआधी टेपर पुसा, पावसाळ्यात आपल्याकडे खाडीच्या हवेत उघड्यावर ठेवलेला होल्डर बघता बघता गंज धरतो आणि तो लालसर थर पण डायलवर दिसतो. आणि हो, कोलेट ही झिजणारी वस्तू आहे. चांगल्या कंपनीच्या साध्या कोलेटचा रनआउट नवी असताना साधारण 10 मायक्रॉनमध्ये (0.01 मिमी) असतो, अल्ट्रा प्रिसिजनचा 5 मध्ये, पण तोंड फाकलेली, आत चिप घासलेली कोलेट वर्षानुवर्षं वापरून वर स्पिंडलला नावं ठेवायची हे काही बरोबर नाही.

पाइप लावून आवळायचं म्हणाल तर नको. ईआर नटला ठरलेला टॉर्क असतो, त्याच्यावर गेलं की कोलेट पिळली जाते, रनआउट उलट वाढतो आणि नटाचे आटे पण जातात. सरकण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं: कोलेट आधी नटात कट् करून न बसवता होल्डरमध्ये टाकलेली, शँक (कटरचा दांडा) आत जेमतेम अर्धी, नाहीतर 10 च्या कोलेटमध्ये 9 चं काहीतरी कोंबलेलं. ईआर 32 ची कोलेट 1 मिमीपर्यंत दबते हे खरं, पण पूर्ण दाबल्यावर पकड तेवढी राहत नाही.

आणि साइडलॉक जुना आहे, कबूल. पण 16-20 मिमीच्या कटरने डाय स्टीलमध्ये जोरात रफिंग (भराभर जाड माल काढणं) करताना हेलिक्स (दातांचा पीळ) कटरला खाली ओढतो, कोलेटमधून तो हळूहळू बाहेर येतो, डेप्थ वाढत जाते आणि जॉब स्क्रॅप झाल्यावर कळतं. शँकवर फ्लॅट असेल तर साइडलॉकचा स्क्रू तो हलू देत नाही. स्क्रू एका बाजूला ढकलतो म्हणून रनआउट थोडा जास्त, पण रफिंगला चालतंय की. फिनिशिंगला तोच लावू नका एवढंच.

श्रिंक फिट सगळ्यांना लागत नाही, इथे मी मेसेजच्या बाजूने. गरम करायचं मशीन वेगळं घ्यावं लागतं, कटर पण कार्बाइडचाच हवा कारण होल्डर गरम करून फुगवायचा आणि कार्बाइड स्टीलच्या मानाने निम्माच फुगतो, म्हणून तर सुटतो. पण खोल कॅव्हिटीत (जॉबमधल्या खळग्यात) काय करणार? ईआर 32 चा नट 50 मिमीचा, भिंतीला लागतो, मग माणूस कटरच बाहेर काढतो. ओव्हरहँग (कटरची बाहेर राहिलेली लांबी) 40 मिमीचा 60 केला तर वाकणं जवळपास 3.4 पट, मग चॅटर (कटरची थरथर), मग फीड कमी, मग सायकल टाइम वाढला. श्रिंक फिट परवडत नसेल तर ईआर 16 चा मिनी नटवाला लांब होल्डर घ्या, नट 22 मिमीचा, 10 मिमीपर्यंतचा कटर बसतो, मुंबईत नागदेवीच्या हत्यार बाजारात सहज मिळतो.

पुलस्टडच्या बाबतीत मात्र मस्करी नको. बीटी 40 मध्ये 45 आणि 60 अंशाचे दोन्ही मिळतात, दोघांचा आटा एम16 च, त्यामुळे होल्डरमध्ये काहीही फिरवून बसतं. मशीनच्या आतले, स्टड ओढून धरणारे ग्रिपर मात्र एकाच कोनाला नीट धरतात. चुकीचा स्टड लागलेला होल्डर 8000 आरपीएमला निसटला तर समोर ऑपरेटर उभा असतो. मशीनच्या मॅन्युअलमध्ये ड्रॉइंग दिलेलं असतं, स्टड घेताना त्याचा फोटो दुकानदाराला दाखवा.