स्काऊटचा तास आणि बिल्ल्यांची घाई

जून उजाडला की स्काऊट मास्तरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो. "सर, प्रथम सोपानच्या लॉगबुकची गेल्या वर्षीची पीडीएफ कुणाकडे आहे का?" अजून पोरांची नोंदणी व्हायची असते, गणवेशाचा पत्ता नसतो, दोरीचा एक तुकडा शाळेत आलेला नसतो, पण बिल्ल्याच्या चाचणीला दाखवायची वही, म्हणजे लॉगबुक, तयार! मग वर्षभर स्काऊटचा तास गणिताच्या नाहीतर इंग्रजीच्या सरांच्या पदरात पडतो आणि चाचणी शिबिराची तारीख जाहीर झाली की एका महिन्यात सगळं उरकायचं. पोरं रात्री जागून सुबक अक्षरात लिहितात, चित्रं चिकटवतात, आया समासाच्या रेघा मारून देतात. बिल्ला मिळतो, बाहीवर शिवलाही जातो. त्याच पोराला सहलीच्या गाडीच्या टपावर सामान बांधायला सांगा, ते दोरीकडे बघत उभं राहतं.

मी कृष्णाकाठच्या एका गावात सहावी-सातवीच्या पथकाबरोबर काम करतो. हा प्रकार आमच्याच भागात चालतो असं नाही, आणि यात फक्त मास्तरांचाच दोष आहे असंही मी म्हणणार नाही. एक माणूस इतिहास शिकवतो, शालेय पोषण आहाराचा हिशोब ठेवतो, निवडणुकीची कामं करतो आणि वर त्याच्या गळ्यात स्काऊटचा स्कार्फ. तो पीडीएफ शोधणारच. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण नियोजन उलट्या टोकाकडून करतो. आधी बिल्ल्याची यादी धरतो आणि ती कशीबशी तासांत कोंबतो. तास असा आखावा की पोरं पुढच्या शनिवारची वाट बघतील. बिल्ल्याचं काम त्यातच होऊन जातं, फक्त मास्तरने बाजूला बसून खूण करत राहायची.

बिल्ल्यांना माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार ही पायऱ्यांची रचना मला फार शहाणपणाची वाटते. अकरा वर्षांच्या पोराला "चारित्र्य घडवतोय" म्हटलेलं कळत नाही, बाहीवरचं कापड कळतं. शिवाय अभ्यासक्रम नसला तर मास्तर काय करतात तेही मी पाहिलंय. मैदानावर डॉजबॉलचा चेंडू टाकायचा, शिट्टी गळ्यात आणि स्वतः मोबाईलवर. अभ्यासक्रम मास्तरलाही शिस्त लावतो.

स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलने, म्हणजे बी.पी.ने, 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं. विसेक मुलं, चार टोळ्या, म्हणजे पथकातले छोटे गट. त्या शिबिराचा आराखडा आजही काढून बघण्यासारखा आहे. प्रत्येक दिवसाला एक विषय: एके दिवशी निरीक्षण, एके दिवशी रानातली विद्या, एके दिवशी जीव वाचवणं. सकाळी पोरांना उठवायला त्याने आफ्रिकेतून आणलेलं कुडू हरणाचं शिंग फुंकलं. एक दिवस, एक विषय, आणि त्या विषयाभोवती सगळे खेळ. आपण चाळीस मिनिटांच्या तासात ध्वज, प्रार्थना, नियम, गाठी, प्रथमोपचार आणि बी.पी.चे सहा व्यायाम असं सगळं ताट वाढतो आणि पोरं कशालाच हात लावत नाहीत.

पावसाळ्यातला एक तास सांगतो. बाहेर धो धो पाऊस, टोळ्या व्हरांड्यात. क्लोव्ह हिच, म्हणजे काठीला दोरी बांधायची गाठ, घ्यायची होती. फळ्यावर आकृती काढण्याऐवजी मी एक काठी उभी धरली आणि म्हटलं, "हा खुंटा. शेरडू बांधून दाखवा." मागून एक पोरगा उठला, ज्याचा आवाज एरवी फक्त हजेरीला ऐकू येतो. त्याने काठीला एक वेढा दिला, दुसरा त्यावरून आडवा नेला, टोक त्याखालून ओढलं आणि झटका देऊन घट्ट केलं. झाली क्लोव्ह हिच. मी शाबासकी देणार तेवढ्यात तोच म्हणाला, "पण सर, शेरडू हिसके मारतं. नुसती एवढीच ठेवली तर ढिली पडती. वर एक फासा टाकावा लागतोय." बरोबर बोलला. या गाठीवरचा ताण सारखा कमीजास्त झाला की ती सरकते, म्हणून वर एक हाफ हिच, म्हणजे तो म्हणाला तो फासा, घालावी लागते. अनेक लॉगबुकांत आकृती असते, हे वाक्य नसतं. पुढचा सगळा तास त्या पोराने घेतला आणि मी दोऱ्या वाटत फिरलो.

दोऱ्यांवरून आठवलं. बाजारातली हिरवी-निळी नायलॉनची दोरी गाठी शिकायला घेऊ नका. ती गुळगुळीत असते, गाठ बरोबर मारली तरी सुटते आणि पोराला वाटतं आपलंच चुकलं. सुती दोरी घ्या, करंगळीएवढी जाड, माणशी दीड-दोन मीटर. टोकं उसवू नयेत म्हणून पोरांकडूनच दोऱ्याने गुंडाळून घ्या, तेही अभ्यासक्रमातच आहे. आणि गाठ तपासताना "दाखव" म्हणू नका, वजन लावा. शीट बेंड असेल तर एक जाड आणि एक बारीक दोरी जोडून पाण्याने भरलेली बादली उचलायला लावा. रीफ नॉट असेल तर टोकं बघा: मूळ दोरीला बिलगून राहिली तर रीफ, आडवी फाकली तर ग्रॅनी, म्हणजे चुकलेली रीफ. एकदा हे कळलं की पोरं एकमेकांच्या गाठी अशा काही तपासतात की परीक्षकाची गरज उरत नाही. मग त्रिकोणी पट्टीची झोळी शिकवताना रीफच का, हेही सांगावं लागत नाही. ती सपाट बसते, मानेला टोचत नाही, आणि सोडायची तेव्हा चटकन सुटते.

वर्षाचा आराखडा मी शासकीय वर्षाप्रमाणे न करता पाऊस, सण आणि ऊस बघून करतो. जून-जुलै व्हरांड्यातली कामं: गाठी, पट्ट्या, किमचा खेळ (मांडलेल्या वस्तू बघून आठवायचा). ऑगस्टला ध्वज. शाळेचा झेंडा फुलं घालून बांधायचं काम पथकाकडे मागून घ्या. ओढल्यावर तो सुटलाच पाहिजे, तेही सरपंच, मुख्याध्यापक आणि अख्ख्या गावासमोर! एवढी कडक परीक्षा कुठल्याही चाचणी शिबिरात होत नाही. गणपतीत घाटावर निर्माल्य गोळा करणं. दिवाळीनंतर मात्र चार भिंतींच्या आत एकही तास घेऊ नये असं माझं मत आहे.

बाहेर पडायचं म्हणजे मागकाढूचे खेळ, हाईक, चुलीवरचा स्वयंपाक. इथे आमच्या भागातली एक अडचण पुस्तकं लिहिणाऱ्यांना ठाऊक नसावी. उसाच्या फडाजवळ मागकाढू खेळायचं नाही. फडात बिबट्या असू शकतो आणि हे काही गावगप्पांतलं भय नाही. म्हणून आम्ही माळावर जातो, जिथे चारी बाजूंनी दिसतं, आणि बाण, फाटे, दगडांच्या खुणा तिथेच मांडतो.

दुसरी गंमत आकाशाची. ध्रुवतारा शोधायला सप्तर्षी वापरा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. डिसेंबरच्या शिबिरात शेकोटीच्या वेळी, म्हणजे आठच्या सुमारास, आपल्याकडे सप्तर्षी उगवलेलेच नसतात. त्या वेळी उत्तरेला शर्मिष्ठा हा तारकासमूह वर असतो, त्याच्यावरून ध्रुव काढायचा. आणि तो शोधायचाही खाली. आपल्या अक्षांशाएवढाच तो क्षितिजाच्या वर असतो, म्हणजे आमच्याकडे साधारण सतरा-अठरा अंश. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश, तेव्हा क्षितिजापासून दोन मुठींच्या आतच. पोरं डोक्यावर शोधत बसतात आणि मग म्हणतात, दिसत नाही. एकदा मुठी लावून सापडला की घरी जाऊन आजोबांना दाखवतात, आणि आजोबा म्हणतात, हा तर आम्हाला माहितीच होता.

लॉगबुक उतरवून काढण्यावर माझा जो राग आहे तो आळसापोटी केलेल्या नकलेवरचा नाही, त्यात जीव जाऊ शकतो म्हणून आहे. फिरणाऱ्या एका पीडीएफमध्ये सर्पदंशावर आजही लिहिलंय: दंशाच्या वर आवळून दोरी बांधा, चिरा द्या, रक्त काढा. हे तिन्ही करू नये, असं आज वैद्यकशास्त्र स्पष्ट सांगतं. माणसाला धीर द्यायचा, चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, अंगठ्या-कडी-बांगड्या काढायच्या आणि वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. साप पकडायच्या, मारायच्या फंदात पडायचं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषारी सापांवर चालणारं प्रतिसर्पविष आपल्याकडे एकच असतं, सापाचं प्रेत घेऊन जायची गरज नाही. आमच्या पोरांच्या घरी रात्री पाण्याची पाळी असते, बाप अनवाणी शेतात जातो. या मुद्द्यावर पोरगं वहीत काय उतरवतं याला घरात अर्थ आहे. भाजल्यावरचंही तसंच. टूथपेस्ट, हळद, शाई, काही लावायचं नाही. वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. वीस मिनिटं म्हणजे किती, हे कळावं म्हणून एकदा तासात सगळ्यांना घड्याळ लावून नळाखाली आळीपाळीने हात धरायला लावा. पाचव्या मिनिटाला कंटाळतात. तो कंटाळा आठवणीत राहतो.

नियोजन कुणी करायचं, हाही प्रश्न आहे. टोळीनायकांची मानसभा ही कागदावरची गोष्ट नाही. चार टोळीनायकांना महिन्यातून एकदा बसवा, पुढचे तास त्यांच्यापुढे ठेवा आणि गप्प बसा. पहिल्या वेळी ते "सर तुम्हीच सांगा" म्हणतात. दुसऱ्या वेळी क्रिकेट मागतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र कुणीतरी म्हणतं, रात्री शाळेत राहू या, किंवा नदीवर स्वयंपाक करू या. मग हिशोब त्यांनीच करायचा: पीठ किती, तेल किती, पिठल्याला बेसन कुणाकडून. कुकच्या बिल्ल्याचा अर्धा अभ्यास त्या हिशोबातच होतो.

खरी कमाईचं आपण काय करून ठेवलंय ते मात्र बघवत नाही. पोराने स्वतः राबून चार पैसे मिळवावेत, ही मूळ कल्पना. आता शाळेच्या पटांगणात स्टॉल लागतात, भेळ आईने केलेली, वडे मामाच्या गाड्यावरचे, पोरगं फक्त गल्ल्यावर. नफा वहीत, फोटो ग्रुपवर. त्यापेक्षा चार शेजाऱ्यांच्या शेंगा फोडून द्या, रद्दीच्या पिशव्या करून किराणा दुकानदाराला विका. रक्कम कमी येईल, येऊ दे.

पालकांचा प्रश्न दरवर्षी एकच: "सर, याचा पुढे फायदा काय?" त्यांना रेल्वेचं माहीत असतं. रेल्वेत स्काऊट-गाईडचा कोटा आहे आणि त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कारासारखी पात्रता लागते, हे खरं आहे. त्या आशेने कुणी पोराला पाठवत असेल तर मी नाक मुरडत नाही. पोटाचा विचार कुणी करू नये असं कसं म्हणायचं. पण सहावीतल्या पोराच्या प्रत्येक शनिवारवर तो कोटा बसवला की पोरगं तासाला येतच नाही, त्याची फाईल येते.

आणि एक पोरगा फाईलवरही नसतो. दिवाळीनंतर गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. त्यातली काही मुलं चार-पाच महिने आमच्या शाळेत बसतात. पथकाची नोंदणी ती येण्याआधीच उरकलेली असते, गणवेश नसतो, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की फेब्रुवारी-मार्चमध्ये ती परत जातात. हाईकला नदीकाठी सगळ्या टोळ्या ओल्या काटक्या फुंकून डोळे लाल करत होत्या, तेव्हा त्यातल्या एकाने वाऱ्याची दिशा बघून तीन दगड फिरवले, वाळकं पाचट खाली घातलं, काटक्या उभ्या रचल्या आणि एका काडीत चूल पेटवली. त्या दिवशी बाकीच्यांना चूल पेटवायला त्याने शिकवलं. द्वितीय सोपानची ती कसोटी त्यांच्या वहीत लागली, त्याच्या वहीत नाही, कारण त्याला वहीच नाही. हंगामी मुलांची सोय नोंदणीत कशी करायची, यावर जिल्हा पातळीवर कुणी काही केलं असेल तर इथे लिहा, मला खरोखर हवंय. तोवर आम्ही त्याला स्कार्फ देतो, टोळीत घेतो आणि उभं करतो ते टोळीच्या रांगेतच.

या महिन्यात वेळापत्रक लावणाऱ्या मुख्याध्यापकांना आणि पर्यवेक्षकांना हात जोडून विनंती. स्काऊटचा तास शनिवारी शेवटचा ठेवा. पहिला दिलात की परिपाठ लांबतो, मधला दिलात की पोरं चिखलाच्या पायांनी पुढच्या तासाला बसतात आणि बाई माझ्या नावाने शंख करतात. शेवटचा असला की घंटा झाली तरी कुणी उठत नाही. आणि पथकाच्या निधीतून ढोल, बॅनर, फ्लेक्स घेण्याआधी सुती दोरीचं एक बंडल घ्या.