आधी राजीनामा, मग नोकरी? थोडं थांबा

गेले काही महिने सोलापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: इथं काही उरलं नाही, आधी राजीनामा द्या, पुणे गाठा, रोज शंभर अर्ज टाका. क्षेत्र बदलायचं तर जुना अनुभव शून्य, म्हणून नव्या अनुभवाचं पत्र कुठूनतरी मिळवा. माझ्याकडे बायोडाटा दाखवायला आलेल्या एका मुलानं तो मेसेज वाचून राजीनामा लिहून ठेवला होता. टॉवेलच्या कारखान्यात तो डिस्पॅच बघतो.

‘आधी मोकळे व्हा’ हे चूक आहे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन मुलाखत देऊन रात्री घरी येता येतं. त्याला एक रजा पुरते. आणि सोडताना काय सुटतं ते बघा. कायम नोकरीत सलग 5 वर्षं झाली की ग्रॅच्युइटी मिळते, वर्षाला 15 दिवसांच्या पगाराप्रमाणे. खोलीच्या डिपॉझिटसाठी पीएफ काढणारे पुष्कळ आहेत. पण 5 वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो, शिवाय त्यातला पेन्शनचा भागही काढला तर पेन्शनसाठी लागणारी 10 वर्षं मोजताना ती सेवा हातची जाते. खातं नव्या नोकरीत वर्ग करा.

‘जुना अनुभव शून्य’ हे वाक्य मला सर्वात जास्त खटकलं. त्या मुलानं बायोडाट्यात एकच ओळ लिहिली होती: ‘टेक्स्टाइलमध्ये अनुभव’. मी विचारलं, दिवसभर करतोस काय? तो ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद, काढतो, टॅलीत नोंदी करतो, ट्रान्सपोर्टवाल्याशी भाडं ठरवतो, गाठी मोजून गाडी भरून देतो, माल कमी पोचला तर पार्टीशी बोलतो. हे सगळं गोदाम आणि मालवाहतुकीचं काम आहे, फक्त त्याला तसं नाव कुणी दिलं नव्हतं. यंत्रमागावरच्या जॉबरचंही, म्हणजे माग दुरुस्त करून चालता ठेवणाऱ्याचंही, तसंच. मशीन का थांबलं हे कानानं ओळखणारा माणूस मेंटेनन्समध्ये नवशिका नसतो. किती माग सांभाळले, जॅकार्ड (नक्षी विणायची जोडणी) होतं का, हे आकड्यात लिहा.

खोटं अनुभवपत्र तर अजिबात नको. अनेक कंपन्या यूएएनवरची, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावरची, सेवेची नोंद मागतात. कुठल्या महिन्यात कुणी पीएफ भरला हे तिथं दिसतं, आणि रुजू झाल्यावर सापडलात तरी नोकरी जाते.

शंभर अर्जांपेक्षा दहा करा, पण प्रत्येक जाहिरात वाचून.

‘इथं काही नाही’ यात थोडं तथ्य आहे, हे मान्य. पगार कमी आहेत, आयटीची कामं तुरळक. पण अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसी, गणवेश शिवणारे कारखाने, रसायन आणि वाहनांच्या सुट्या भागांचे उद्योग इथं आहेत. पुण्याला जरूर जा, हातात ऑफर लेटर घेऊन जा.

त्या मुलाची 5 वर्षं येत्या मार्चात भरतात. बायोडाट्याचं पहिलं पान आम्ही दोघांनी बसून नव्यानं लिहिलं. राजीनाम्याचा कागद त्यानं अजून दिलेला नाही.