घरच्या घरी करू, काय जातंय!

आमच्या घरावर आजवर जेवढी संकटं आली, त्यातली निम्मी "घरच्या घरी करू, काय जातंय!" या वाक्यापासून सुरू झाली. उरलेली निम्मी नातेवाइकांनी आणली. पण नातेवाईक निदान चार दिवसांनी परत तरी जातात.

यंदा ते वाक्य माझ्याच तोंडून निघालं, हे आधी कबूल करतो. दिवाळीला दहा दिवस होते. तुळशीबागेच्या आसपास आम्ही तिघं आकाशकंदील बघत फिरत होतो. बायकोला एक घडीचा कंदील आवडला. गुलाबी पुठ्ठ्याचा, जाळीची नक्षी, मिटला की शाळेच्या वहीएवढा. किंमत साडेतीनशे. मी म्हटलं, "दोनशेला द्या." दुकानदार माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंना म्हणाला, "बोला ताई, तुम्हाला काय दाखवू?"

अपमान मी गिळला असता. पण त्याच वेळी चिरंजिवांनी मोबाइल पुढे केला. त्यात एक बाई लांबसडक रंगवलेल्या नखांनी, एकही नख न मोडता, "घरात सहज असणाऱ्या वस्तूंपासून अवघ्या दहा मिनिटांत" कंदील करत होत्या. त्यांच्या घरात सहज असणाऱ्या वस्तूंमध्ये आइस्क्रीमच्या पन्नास काड्या, गरम डिंकाची बंदूक आणि चार रंगांचे मणी होते. आमच्या घरात सहज असणाऱ्या वस्तू म्हणजे न लागणारे पेन आणि कशाचे आहेत ते न आठवणारे चार्जर. तरीही मी ते वाक्य उच्चारलं.

बायको फक्त एवढंच म्हणाली, "मखर आठवतंय ना?"

आठवतंय. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा मी पुठ्ठ्याचं मखर केलं होतं. चार खांब, वर कमान, कमानीवर मोर. दुसऱ्या दिवशीच्या आरतीत, नेमक्या 'लंबोदर पीतांबर'ला, मोर पुढे झुकला आणि कमानीसकट गणपतीपुढे साष्टांग पडला. पाहुण्यांना ती खास योजना वाटली. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

घरी आल्यावर अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सूत्रं हाती घेतली. मोबाइलमधल्या बाई त्यांनी एका हातानं बाजूला सारल्या. "तो कसला कंदील? कंदील म्हणजे कामट्यांचा. आमच्या वाड्यात उंच बांबूला कप्पी लावून वर चढवायचो. आत पणती. वारा आला की दर वर्षी एखादा पेटायचा." हे शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या आनंदानं सांगितलं की ती खोड होती की खासियत, ते मला कळलं नाही. "चोवीस कामट्या आण. सहा चौकोन, आठ त्रिकोण, बारा सांधे. झालं."

या 'झालं'वर माझा विश्वास बसला, ही माझी दुसरी चूक.

बुरूड आळीत एका दुकानात टोपल्या, सुपं आणि रोवळ्यांच्या ढिगामागे आजोबा बसले होते. कामट्या मागितल्यावर त्यांनी विचारलं, "केवढ्या पायजेत?" मला दीड फुटी कंदील हवा होता, म्हणून मी हात पसरून दीड फूट दाखवलं. "आन् कंदील केवढा करायचाय?" मी तेच हात तसेच धरून म्हटलं, "एवढाच." आजोबांनी एकदा माझ्या हातांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि "बघा बुवा" म्हणून कोयता उचलला. आयुष्यात मला मिळालेल्या इशाऱ्यांपैकी सगळ्यात स्वच्छ इशारा तो होता. मी तो बरोबर घेऊन मिसळ खायला गेलो.

बांधणी शनिवारी सकाळी हॉलमध्ये सुरू झाली. प्रत्येक सांध्यात चार कामट्यांची टोकं एकत्र येतात. ती चार टोकं, दोरा, आणि दोऱ्याची गाठ मारायला दोन हात, असा हिशोब मांडला तर माणसाला किमान पाच हात लागतात. दात धरले तर सहा. पहिला चौकोन बांधून मी खाली ठेवला आणि तो शंकरपाळा झाला. चौकोनाला चौकोन म्हणून राहायची जराही हौस नसते. सरळ केला, पुन्हा शंकरपाळा. स्वयंपाकघरात बायको खरे शंकरपाळे लाटत होती. ती डोकावून म्हणाली, "माझ्यापेक्षा तुझे एकसारखे होतायत."

संध्याकाळपर्यंत सांगाडा उभा राहिला. मी मागे सरून पाहिलं आणि कौतुकानं त्याच्या वरच्या त्रिकोणावर हात ठेवला. तर तो अख्खा सांगाडा गर्रकन अर्धा फिरला आणि मटकन खाली बसला, लग्नाच्या पंगतीत जागा धरावी तसा. हात काढला आणि उचलला, तर पुन्हा टम्म. पुन्हा दाबला, पुन्हा फिरून खाली.

"बाबा, याला क्युबऑक्टाहेड्रॉन म्हणतात," चिरंजीव सोफ्यावरून म्हणाले. ते नववीत आहेत आणि कामट्यांना हात न लावता कामात सहभागी होतात. "आर्किमिडीजच्या नावानं ज्या तेरा घनाकृती आहेत ना, त्यातली एक. आणि हे जे फिरून खाली बसतं ना, त्याला बकमिन्स्टर फुलर नावाच्या अमेरिकन माणसानं 'जिटरबग' म्हटलंय. तो एक नाच असतो."

म्हणजे मी चोवीस कामट्यांना सहा तास नाच शिकवत होतो. आर्किमिडीज कपडे न घालता रस्त्यानं का पळाला, हे मला तेव्हा नीट समजलं. पाण्याबिण्याचं ते निमित्त.

अण्णांनी पेपरातून डोकं वर न काढता तोडगा सांगितला. "प्रत्येक चौकोनात कोपऱ्याकोपऱ्यातून दोरा ताण. त्रिकोण झाले की हलत नाही." हलला नाही. मी अण्णांना विचारलं की हे त्यांनी सकाळी का सांगितलं नाही. ते म्हणाले, "सकाळी हलत नव्हतं."

आता खळ. अण्णांच्या मते बाटलीतला डिंक हा कंदिलाचा अपमान आहे. मैद्याची खळच हवी. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायचा. वर चिमूटभर मोरचूद, म्हणजे कंदिलाला झुरळं लागत नाहीत. मी मैदा थेट उकळत्या पाण्यात टाकला आणि मला खळ न मिळता बोराएवढ्या गुठळ्यांचं आमटीसारखं काहीतरी मिळालं. एका शेगडीवर चकलीचा घाणा, दुसऱ्यावर चिवड्याचे पोहे, तिसऱ्यावर माझी ही आमटी. मोरचुदाचा शब्द ऐकल्याबरोबर बायकोनं मला, पातेल्याला आणि अण्णांच्या परंपरेला एकदमच बाहेर काढलं. विष ते विष, आणि शेजारी फराळ; तिचं म्हणणं मला पटलं. दुसरी खळ मी मोरचुदाशिवाय केली, रंगाच्या जुन्या डब्यात. आता आमच्या झुरळांचीही दिवाळी.

पतंगी कागदाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याचा स्वभाव फार कमी लोकांना माहीत आहे. तो कोरड्या हातात फुलासारखा असतो. खळ लागलेल्या बोटांनी धरला की बोटाबरोबर निघून येतो. राणी रंगाचा ताव मी पहिल्या त्रिकोणावर बसवला, कडा दुमडल्या, आणि अंगठा उचलला तेव्हा त्रिकोणाला अंगठ्याएवढी खिडकी पडलेली होती. असे नऊ ताव गेले. शेवटी बायको पीठ लागलेले हात धुऊन आली आणि कागद खाली ठेवून त्यावर सांगाडा टेकवत गेली. मी कागद सांगाड्याकडे नेत होतो, ती सांगाडा कागदाकडे नेत होती. एवढाच फरक. पाऊण तासात चौदाही पाकळ्या बसल्या. राणी, पिवळा, राणी, पिवळा.

कागद जरा सैल दिसत होता. अण्णा म्हणाले, "पाण्याचा हलका हबका मार, वाळताना ताठ बसेल." मी कुंड्यांना पाणी मारायचा फवारा आणला. हबका कुठे संपतो हे मला कधीच कळलेलं नाही. राणी रंग पिवळ्यात उतरला, दोन्ही मिळून फरशीवर उतरले आणि तिथून माझ्या पांढऱ्या लेंग्यावर चढले. "हबका म्हणालो होतो," अण्णा म्हणाले, "अभिषेक नाही." पण वाळल्यावर कागद खरंच ढोलाच्या कातड्यासारखा ताठ झाला, आणि ओघळलेल्या रंगानं असा काही केशरी ढग तयार झाला की पाहणाऱ्याला तो मुद्दाम केलेला वाटावा. खाली झिरमिळ्यांच्या शेपट्या लावल्या, सांध्यांवर सोनेरी चांदण्या. आत दिवा लावला. सगळे गप्प झालो. अगदी चिरंजिवांनीसुद्धा मोबाइल खाली ठेवला. मग लगेच उचलला, पण फोटो काढायला.

बायकोनं हिशोब वहीत मांडला होता. कामट्या १२०, कागद १८०, सोनेरी लेस ९०, होल्डर-वायर-दिवा २४०, रिक्षा जाऊन-येऊन २२०, मिसळ १६०. एकूण १,०१० रुपये. मिसळीला मी हरकत घेतली. "मिसळ कंदिलात कशी धरतेस?" ती म्हणाली, "कंदील नसता तर तू तिकडे गेला असतास का?" हा प्रश्न मी अजून विचारासाठी राखून ठेवला आहे.

वसुबारसेला संध्याकाळी कंदील बाहेर टांगायचा होता. आमच्या बाल्कनीला ग्रिल आहे. ग्रिलला एक छोटी कुलूपवाली खिडकी आहे, दीड फूट बाय दोन फूट, आग लागली तर बाहेर पडायला ठेवलेली. तिच्यातून घरातले फक्त चिरंजीव बाहेर पडू शकतात. बाकीच्यांनी आगीत आपलं आपण बघायचं. मी कंदील त्या खिडकीपाशी नेला. आडवा धरला. उभा धरला. तिरका धरला. कंदील आणि खिडकी यांची ओळखच पटेना.

"जाणारच नाही तो," चिरंजीव म्हणाले. "या आकृतीत मध्यापासून प्रत्येक कोपरा बरोबर एका बाजूएवढ्या अंतरावर असतो. म्हणजे या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन कामट्या. दीड आणि दीड तीन. तीन फुटी कंदील केलायस तू बाबा."

"हे तुला माहीत होतं?"

"शनिवारीच वाचलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू नाच विचारत होतास."

बुरूड आळीतल्या आजोबांचे डोळे मला आठवले. ज्या माणसानं जन्मभर कामट्या तासल्या, त्याला आर्किमिडीज कुणी शिकवला असेल?

घरात बैठक बसली. ग्रिल कापावं असं अण्णांचं मत पडलं. त्यांना कंदिलाचा अभिमान वाटू लागला होता आणि ग्रिल माझ्या पैशानं बसवलेलं होतं. हॉलमध्ये पंख्याशेजारी टांगू, असं मी म्हटलं. बायको म्हणाली, "आकाशकंदील आहे ना? मग आकाश कुठंय?" आणि शेवटी तिलाच सुचलं. वरच्या मजल्यावरच्या काका-काकूंच्या बाल्कनीला ग्रिल नाही. कंदील जिन्यानं वर न्यायचा, त्यांच्या कठड्यावरून सोडायचा, दोरी आपल्याला हवी तेवढी लांब ठेवायची. वरच्यांच्या कृपेशिवाय काही होत नाही, हे आमची आजी वेगळ्या अर्थानं म्हणायची.

काका फार उत्साही. दोरी त्यांनीच धरली, गाठ त्यांनीच मारली. वायर आमच्या खिडकीपर्यंत पोचेना, तर म्हणाले, "आमच्याच बोर्डाला लावा हो, एका दिव्यानं काय होतंय!" दोरी मात्र त्यांनी आखूडच ठेवली, लांब सोडली तर कंदील त्यांच्या खाली वाळत घातलेल्या पायपुसण्याला घासत होता. परिणामी कंदील त्यांच्या बाल्कनीला बरोबर बुडाशी लटकला. रस्त्यावरून बघणाऱ्याला तो सरळ त्यांचा. आमच्या ग्रिलमधून मान वाकडी करून पाहिलं की आम्हाला फक्त शेपट्या दिसत. राणी रंगाच्या, बारा. वाऱ्यानं छान हलायच्या, त्याबद्दल तक्रार नाही.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सोसायटीत 'घरी केलेला आकाशकंदील' स्पर्धेचा निकाल लागला. पहिला क्रमांक वरचे काका. मी टाळ्या वाजवल्या. हात आपोआप वाजतात. काका दोन शब्द बोलले. "मेहनत आहे," ते म्हणाले. "पण हल्ली कोणी घरी करत नाही हो. विशेषतः तो केशरी रंग जमायला वेळ लागला." वेळ खरंच लागला होता. लेंगा तर अजून भिजत पडला होता.

पण माणूस वाईट नाही. रात्री बेल वाजली. काका दारात, हातात बक्षिसाची पिशवी. "हे तुम्ही ठेवा," ते म्हणाले. "तुमचाही वाटा आहे त्यात. शिवाय आमच्याकडे आता कंदील आहेच."

पिशवीत एक घडीचा कंदील होता. गुलाबी पुठ्ठ्याचा, जाळीची नक्षी, मिटला की शाळेच्या वहीएवढा. बायकोनं तो मिटलेलाच ग्रिलच्या खिडकीतून बाहेर काढला, तिथे उघडला, दोन मिनिटांत टांगला. मागच्या बाजूची किमतीची चिठ्ठी काढायची सोसायटीवाले विसरले होते. साडेतीनशे. मी ती खरवडायला नख लावलं तर बायको म्हणाली, "राहू दे. तुळशीच्या लग्नापर्यंत राहू दे."