त्याचं म्हणणं असं आहे की...

आमच्या घरात सिनेमा सगळ्यात शेवटी बघतात. आधी ट्रेलर, मग ट्रेलरमध्ये काय चुकलं ते सांगणारा व्हिडिओ, मग 'त्याचा' रिव्ह्यू, मग त्याच्या रिव्ह्यूत काय चुकलं यावरून जेवताना जुंपते, आणि एवढं सगळं होऊन कुणाच्या अंगात त्राण उरलंच तर सिनेमा. बहुधा उरत नाही. त्यामुळे न पाहिलेल्या कित्येक कार्टून सिनेमांबद्दल माझी मतं आता अगदी ठाम झाली आहेत. पाहिलेल्यांबद्दल मी अजून जरा साशंक असते.

कार्टून म्हणायचं नाही, हा घरातला पहिला नियम. ॲनिमेशन म्हणायचं. कार्टून म्हटलं की दोन्ही बाजू आपसातलं वैर विसरून माझ्यावर येतात, आणि या घरात त्या दोन बाजूंचं एकमत होण्याची ती एकच वेळ असते.

'तो' म्हणजे व्हिडिओतून सिनेमांचे रिव्ह्यू करणारा अमेरिकेतला एक गृहस्थ. नाव घेत नाही. त्याचे चाहते फार हळवे असतात आणि त्यातला एक माझ्याच घरी जेवतो. चाळिशीचा माणूस, घरात बसूनही डोक्यावर टोपी, मागे खेळण्यांनी खच्चून भरलेलं कपाट. त्याला मी एकदा बाहुल्यांचं कपाट म्हटलं तर चिरंजीव दुपारभर बोलले नाहीत. दीड तासाच्या सिनेमावर हा बाबा पाऊण तास बोलतो, त्यातली पाच मिनिटं कसल्याशा गादीची जाहिरात करतो, आणि शेवटी दहापैकी साडेसहा वगैरे गुण देतो. त्या अर्ध्या गुणावर आमचे रविवार गेले आहेत.

चिरंजीव बारावीपासून त्याचं ऐकतात. बारावीत बाकी कुणाचं ऐकलं नाही, पण त्याचं ऐकलं. आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि घरात कुठलंही वाक्य "त्याचं म्हणणं असं आहे की" अशीच सुरुवात करून येतं. सासूबाईंना बरेच दिवस वाटत होतं की 'तो' म्हणजे कॉलेजातला कुणी अभ्यासू मित्र. "एवढं शहाण्यासारखं बोलतो, तर एकदा जेवायला बोलाव रे त्याला. पुरणपोळी चालते का विचार."

दुसऱ्या बाजूला माझी पुतणी. जळगावची. नाशिकला आमच्याकडे राहून ॲनिमेशनच शिकते, त्यामुळे तिच्या बोलण्याला आधार असतो आणि आवाजही. तिचं म्हणणं, त्याला काडीचं कळत नाही. चित्र कसं हलतं हे ज्याला ठाऊक नाही त्यानं चित्रपटाला गुण देऊ नयेत. आता गंमत बघा, त्याचा नवा व्हिडिओ आला की पहिल्यांदा ती बघते. चिरंजीव सावकाश उठून, आंघोळबिंघोळ करून बघतात. हिचं पहाटेच बघून झालेलं असतं, वहीत मुद्दे काढलेले असतात. भक्तापेक्षा विरोधकाची निष्ठा कडक असते, हे मी या मुलीकडे बघून सांगते.

मागे एका रविवारी पोह्यांवर विषय निघाला तो २०१९ च्या 'लायन किंग'चा. १९९४ चा हातानं काढलेला; तो दोघांनाही मान्य, त्यावर भांडण नाही, त्यामुळे त्याचं नावही फारसं निघत नाही. भांडण नव्यावर. 'त्याचं' म्हणणं असं की नवा सिनेमा ॲनिमेशन नाहीच, खऱ्याचं सोंग आहे. खरा सिंह भुवया उडवत नाही, त्यामुळे बाप मेला तरी पोराच्या तोंडावर काही दिसत नाही. पुतणीनं हातातली बशी खाली ठेवली. अख्खा सिनेमा संगणकात बनलाय. खऱ्या कॅमेऱ्यानं घेतलेलं एकच दृश्य आहे, सुरुवातीच्या सूर्योदयाचं, हे स्वतः दिग्दर्शक जॉन फॅवरो यांनी सांगितलंय. गोल्डन ग्लोबला ॲनिमेशनच्या गटात नामांकन होतं. मग ॲनिमेशन नाही तर काय आहे, भरीत आहे?

"मग जाहिरात करताना ॲनिमेशन म्हणून का नाही केली?"

"जाहिरातीत गादीसुद्धा ढगासारखी असते!"

गादीचा उल्लेख वर्मी लागला. चिरंजीव उभे राहिले. आणि मग या घरातलं सगळ्यात भयंकर वाक्य आलं: "आई, तू सांग."

इथे माझी परीक्षा असते. एकाची बाजू घेतली तर दुसरा जेवत नाही. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे म्हटलं तर पुतणी म्हणते, "काकू, हे असं तळ्यात-मळ्यात नाही चालणार." ह्यांच्याकडे बघावं तर हे पिशवी घेऊन दारात. भाजी आणायला निघालेला हा माणूस नेहमी वाद संपल्यावर मिसळ बांधून घेऊन परत येतो, आणि पिशवीत कोथिंबिरीची काडी नसते.

त्या दिवशी सासूबाईंनी सोडवलं. नवा 'लायन किंग' त्यांनी हिंदीत बघितला होता. "अरे, सिंहाला शाहरुखचा आवाज आहे आणि मोठ्या झालेल्या छाव्याला त्याच्याच मुलाचा. बाप-लेक खरोखरचे बाप-लेक आहेत. आणखी काय खरं पाहिजे तुम्हाला?" दोघंही गप्प. वहीत हा मुद्दा नव्हता.

पण सासूबाई प्रत्येक वेळी धावून येत नाहीत. स्पायडरमॅनच्या वेळी त्या भजनाला गेल्या होत्या. २०१८ मध्ये आलेला तो 'इंटू द स्पायडर-व्हर्स'. 'त्याच्या' एका जुन्या व्हिडिओत तो म्हणाला होता की याचं चित्र अडखळतं. सिनेमा लावला तर मलाही अडखळताना दिसलं. ह्यांनी तर उठून राउटर बंद करून पुन्हा चालू केला. पुतणीनं कपाळावर हात मारला आणि रिमोट घेऊन आम्हाला सगळ्यांना सोफ्यावर बसवलं.

ते मात्र बघण्यासारखं होतं, खोटं कशाला सांगू. सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. इथे पोराचं, म्हणजे माइल्सचं, एकेक चित्र दोन-दोन वेळा धरून ठेवलंय. म्हणजे सेकंदाला बाराच. जंगलातल्या पळापळीत तो आणि त्याचा गुरू पीटर शेजारी शेजारी झेपावतात. तिनं एकेक बटण दाबत दाखवलं: टक, पीटर हलला, पोरगा तिथेच, टक, आता दोघं हलले, टक, पुन्हा पीटर एकटाच. गुरू सराईत, म्हणून त्याला चोवीस. शिष्य नवखा, म्हणून बारा. त्याला अजून उडता येत नाही, हे कुणी बोलून दाखवत नाही, हिशेबातच घातलंय. मी म्हटलं, अगं, हे किती सुंदर आहे. चिरंजीवही क्षणभर वाकून बघत होते. मग त्यांना आपण कोण आहोत ते आठवलं. "पण त्याचं म्हणणं असं आहे की प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत असेल तर ते फसलंय." झालं. राउटर पुन्हा बंद करावासा वाटला.

या स्पायडरमॅनचा पुढचा भाग २०२३ मध्ये आपल्याकडे दहा भाषांत लागला, मराठीतसुद्धा. त्यावर मराठीत बघायचा की मूळ इंग्रजीत, असा एक पोटवाद झाला. तो इथे सांगत नाही. त्यात आमच्या जावेचाही फोन आला होता.

टक्केवारीचं प्रकरण वेगळंच. एका रात्री चिरंजीव ओरडले, "त्याच्या आवडत्या सिनेमाला टोमॅटोवर शंभर टक्के आहेत!" ह्यांनी नुसतं टोमॅटो ऐकलं. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही, शेतकरी रस्त्यावर ओततात, आणि इथे शंभर टक्के? मग रॉटन टोमॅटोज नावाची वेबसाइट असते, तिथे समीक्षकांच्या मतांची टक्केवारी निघते, वगैरे खुलासा झाला. पुतणी म्हणाली, ते शंभर म्हणजे शंभर गुण नव्हेत. शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो तसं आहे. सगळी पोरं पस्तीस-पस्तीसवर सुटली तरी निकाल शंभर टक्केच. सगळ्या समीक्षकांनी 'ठीक आहे, बघा' म्हटलं तरी शंभर, आणि निम्म्यांना जीव ओवाळून टाकावासा वाटला नि निम्म्यांना उठून जावंसं वाटलं तर पन्नास. साठच्या खाली गेला की सडका. हे मला एका फटक्यात कळलं. आयुष्यभर शाळेच्या गेटावरचे अभिनंदनाचे फ्लेक्स वाचले आहेत.

या शंभरापायी माणसं काय करतील सांगता येत नाही. २०१० मध्ये 'टॉय स्टोरी ३' आला, सगळीकडून कौतुक, आणि आर्मंड व्हाइट या न्यूयॉर्कच्या समीक्षकानं लिहिलं की आपल्याला नाही आवडला. शंभर मोडले. चाहते त्याच्यावर असे तुटून पडले की जणू त्यानं खेळणी खरोखरच भट्टीत टाकली. सिनेमाचं काय बिघडलं? काही नाही. जगभर धो धो चालला, ऑस्कर मिळालं. तरी एका माणसाला आवडला नाही, ही गोष्ट काही लोकांना अजून झोपू देत नाही. त्यातला एक आमच्या हॉलमध्ये झोपतो.

पण मी फार नावं ठेवत नाही, कारण हे आपल्याला नवीन नाही. सासूबाईंचे आजोबा बालगंधर्वांचे भक्त, तर आजोबांचे सख्खे मेहुणे केशवराव भोसल्यांचे. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी या दोघा गायकनटांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं, एक भामिनी आणि एक धैर्यधर, तेव्हा तरी मिटावं ना? सासूबाई सांगतात, त्यानंतर दोघं मेहुणे एका पंगतीला बसायचे, पण एकमेकांना वाढा म्हणायचे नाहीत. त्यांच्याकडे निदान ऐकलेल्या गाण्यावर भांडण होतं.

एकदा मी वाद मिटवायला हुकमाचं पान टाकलं. म्हटलं, तुम्ही अमेरिकेचं काय सांगता, आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वी आगकाड्या एकेक सरकवून, प्रत्येक वेळी चित्र घेऊन, त्या पडद्यावर नाचवल्या होत्या. आपल्या जिल्ह्यातला माणूस! दोघंही खरंच गप्प झाले. मला वाटलं, जिंकले. मग चिरंजीव हळूच म्हणाले, "यावर त्याचा रिव्ह्यू आहे का बघतो."

खरा कहर गेल्या वर्षी झाला. १९९२ चं ते इंडो-जपानी 'रामायण', युगो साको आणि आपले राम मोहन यांचं, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा थिएटरांत लागलं. पुतणीचा हा जीव की प्राण सिनेमा. लहानपणी टीव्हीवर बघितलेला, त्यातल्या वनराज भाटियांच्या संस्कृत गाण्यांसकट. आणि काही महिन्यांनी 'त्यानं' नेमका त्याच्यावर व्हिडिओ केला. घरात जमावबंदीसारखी शांतता. पुतणी वही-पेन घेऊन बसली. तिनं पानाच्या डोक्यावर 'अज्ञान' असं शीर्षकही घालून ठेवलं होतं.

आणि त्यानं स्तुती केली. तोंड भरून. टोपी काढली म्हणे. दहापैकी साडेनऊ.

मुलीची पंचाईत झाली. तिला आवडलेलं त्याला आवडलं, म्हणजे आता काय करायचं? पहिला दिवस तिनं वहीच उघडली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तो अर्धा गुण कशाचा कापला?" तिसऱ्या दिवशी म्हणाली की त्याला आवडलाय, पण चुकीच्या कारणांसाठी आवडलाय. रात्री भांडी पुसता पुसता मला म्हणते, "काकू, खरं सांगू? युद्धाचा भाग जरा लांबलाच आहे." मी ताट खाली ठेवलं. तिकडे चिरंजीवांची अडचण उलटी. त्यांनी हा सिनेमा पाहिलेलाच नव्हता, पण अभिमान आता त्यांना वाटत होता. "'लायन किंग'मधल्या बाप सिंहाला, मुफासाला, आवाज देणारे जेम्स अर्ल जोन्स आहेत ना, त्यांनीच याच्या अमेरिकन आवृत्तीत निवेदन केलंय, माहितीये?" हे ते आम्हाला असं सांगत होते की जणू रामायण यांनीच जळगावला नेऊन पोचवलं.

शेवटी मी म्हटलं, पुरे. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी बसून सिनेमा बघायचा. सिनेमा. रिव्ह्यू नाही. भेळ केली. हे पिशवी न घेता बसले, मी ती आधीच लपवली होती. चिरंजीव म्हणाले, त्यानं इंग्रजीत बघितला तसाच बघू. पुतणी म्हणाली, जपानी आवाज आणि खाली अक्षरं. "राम जपानीत बोलणार?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना जुनं हिंदी पाहिजे होतं, रामाला अरुण गोविल आणि रावणाला अमरीश पुरी. दोघं एकदम बोलायला लागले. भाषांतरानं मूळ मरतं का, मूळ म्हणजे कुठलं, वाल्मीकींनी काय डबिंग केलं होतं का. भेळ मऊ पडायला लागली. विश्वामित्र राक्षसांची तक्रार घेऊन दशरथाच्या दरबारात उभे, आणि पडदा तिथेच थांबवून ठेवलेला.

सासूबाई उठल्या. टॅब घेतला, चष्मा घेतला, भेळेचं आपलं वाडगं घेतलं आणि त्यांच्या खोलीच्या दारात वळून म्हणाल्या, "रावण मरेपर्यंत मला कुणी हाक मारू नका. कुकर लावायचा असेल तर तुमचं तुम्ही लावा."